पाळी कितव्या वर्षी आली?

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात केसपेपर काढला की पहिल्या चार-पाच प्रश्नांत हा प्रश्न येतोच: पाळी कितव्या वर्षी सुरू झाली? उत्तर लिहून घेतले जाते, मग मुले किती, बाळंतपणे कशी झाली, पाळी नियमित आहे का, असे विचारले जाते आणि तो आकडा त्या कागदावरच राहून जातो. तीच बाई पन्नाशीनंतर छातीत जडपणा येतो म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडे जाते, तेव्हा तिला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू-मिश्री, वडिलांना किंवा भावाला आलेला हार्ट अटॅक, हे सगळे विचारले जाते. पाळी सुरू झाली ते वय मात्र बहुधा कोणी विचारत नाही. गेली काही वर्षे या विषयावर मी जे वाचत आले त्यावरून माझी खात्री झाली आहे की हा आकडा त्या दुसऱ्या केसपेपरवरही लिहिला गेला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मुलगी दहा-अकरा वर्षांची असतानाच घरातल्या मोठ्या माणसांना त्याचा अर्थ कळला पाहिजे.

आपल्याकडे ही तारीख कोणी मोजतच नव्हते असे नाही. प्रथम रजोदर्शन कोणत्या तिथीला, कोणत्या वारी, कोणत्या नक्षत्रावर झाले यावरून शुभाशुभ फळ पाहिले जाई, अशुभ ठरल्यास शांत केली जाई, मुलीला मखरात बसवून न्हाणाचा सोहळा होई. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली, तेव्हाच्या वादातही मुलीला पाळी कोणत्या वयात येते हा मुद्दा सतत पुढे येत होता, कारण गर्भाधानाचा संस्कार त्या दिवसाशी बांधलेला होता. म्हणजे लग्न, गर्भाधान, कुळाची अब्रू या सगळ्यांसाठी मुलीचे हे वय मोजले गेले; तिच्या स्वतःच्या पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या प्रकृतीसाठी ते मोजावे असे मात्र कोणाला सुचले नाही.

ते मोजले गेले ब्रिटनमध्ये, आणि फार मोठ्या प्रमाणावर. 1996 ते 2001 या काळात स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी बोलावलेल्या, पन्नास ते चौसष्ट वयाच्या स्त्रियांची माहिती ‘मिलियन विमेन स्टडी’ या नावाच्या प्रकल्पात गोळा केली गेली. त्यांपैकी आधी हृदयविकार नसलेल्या सुमारे 12 लाख स्त्रियांचा ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सरासरी अकरा-बारा वर्षे मागोवा घेतला आणि 2014 च्या अखेरीस निष्कर्ष मांडले. ज्यांना तेराव्या वर्षी पाळी आली होती त्यांच्यात हृदयरोहिणीच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या, विकाराचा धोका सर्वांत कमी आढळला. दहाव्या वर्षी किंवा त्याआधी पाळी आलेल्यांमध्ये तो 27 टक्क्यांनी अधिक होता आणि सतराव्या वर्षी किंवा त्यानंतर पाळी आलेल्यांमध्ये 23 टक्क्यांनी. पक्षाघात आणि उच्च रक्तदाब यांच्याबाबतीतही चित्र त्याच दिशेचे, पण फिकट होते. बाई सडपातळ असो की स्थूल, धूम्रपान करणारी असो की नसो, गरीब वस्तीतली असो की सुखवस्तू, आलेखाचे दोन्ही टोकांना वर जाणारे रूप टिकून राहिले. ‘यूके बायोबँक’ या दुसऱ्या मोठ्या ब्रिटिश संग्रहावर आधारलेल्या 2018 च्या अभ्यासातही बारा वर्षांच्या आत पाळी आलेल्या स्त्रियांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी जास्त दिसला.

सत्तावीस टक्के हा आकडा वाचून ज्या आईच्या छातीत धस्स होईल तिच्यासाठी इथे थोडे थांबले पाहिजे. त्या 12 लाखांपैकी सुमारे 73 हजार स्त्रियांना त्या काळात हृदयरोहिणीच्या विकारासाठी रुग्णालयात जावे लागले किंवा त्याने मृत्यू आला. म्हणजे ढोबळ मानाने शंभरात सहा. त्यात 27 टक्क्यांची भर घातली तर शंभरात सात-साडेसात होतात. शिवाय दहा किंवा त्याआधी पाळी आलेल्या स्त्रिया एकूणांत जेमतेम चार टक्के होत्या. तुलनाच करायची तर याच प्रकल्पातून असेही दिसले होते की धूम्रपान चालू ठेवणाऱ्या स्त्रियांचे मृत्यूचे प्रमाण कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट असते. त्यामुळे लवकर आलेली पाळी म्हणजे मुलीच्या कपाळी लिहिलेला हृदयविकार, असा अर्थ कोणी काढू नये.

या आकड्यांत एक कोडे आहे. शाळेतल्या जीवशास्त्रापासून आपण ऐकत आलो की इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) स्त्रीच्या रक्तवाहिन्यांना जपते आणि म्हणूनच तिला हृदयविकार पुरुषापेक्षा उशिरा गाठतो. मग पाळी लवकर येणे म्हणजे इस्ट्रोजेनचे संरक्षण लवकर सुरू होणे. धोका कमी व्हायला हवा होता. इस्ट्रोजेनविषयीचा हा सरळ हिशेब याआधीही एकदा चुकला आहे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके दिली तर हृदय सुरक्षित राहील या अपेक्षेने अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही मोठी चाचणी झाली. तिचा 16,608 स्त्रियांवरचा, दोन संप्रेरके एकत्र देण्याचा भाग जुलै 2002 मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढताना दिसला आणि हृदयालाही संरक्षण मिळण्याऐवजी धोकाच वाढताना दिसला. तेव्हा संप्रेरक किती वर्षे शरीरात होते एवढ्याने भागत नाही. ते कोणत्या शरीरात आले आणि ते शरीर तोवर कसे घडले होते, हे पाहावे लागते.

आणि इथे पाळीच्या आधीच्या वर्षांकडे वळावे लागते. जन्मानंतरचे काही महिने सोडले तर बालपणभर मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग प्रजननसंस्थेला जागे करणारा संदेश दाबून ठेवतो. मग एका वयात, आधी फक्त रात्री झोपेत, किसपेप्टिन हे प्रथिन तयार करणाऱ्या चेतापेशींच्या इशाऱ्यावर तो संदेश ठरावीक अंतराने सुटू लागतो, पिट्युटरी ग्रंथी त्याला प्रतिसाद देते, अंडाशयांतून इस्ट्रोजेन पाझरू लागते, छातीत हाताला लागणारी लहानशी गाठ येते, उंची झपाट्याने वाढते आणि या सगळ्यानंतर दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे घरात ज्या दिवशी ‘मुलगी वयात आली’ असे म्हणतात, त्या दिवशी ती वाटचाल बरीचशी पार पडलेली असते. हा संदेश कधी सुटायचा हे काही अंशी वारशाने ठरते. 2014 मध्ये पाळीच्या वयाशी संबंधित 106 जनुकीय स्थाने सापडली होती, आता ती हजाराच्या पुढे गेली आहेत, आणि त्यांतील अनेकांचा संबंध वजनाशीही आहे. उरलेला भाग पोषणाचा. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडतात आणि शरीरात पुरेसा साठा आहे हे मेंदूला कळवतात; ज्यांच्यात ते जन्मतःच नसते त्यांचे वयात येणे अडते. साठा पुरेसा असल्याचा हा निरोप लवकर पोहोचला तर पुढचा क्रमही लवकर सुरू होऊ शकतो.

म्हणूनच लहानपणी वजन जास्त असलेल्या मुलींना पाळी लवकर येते, त्याच मुली पुढे बहुधा स्थूल राहतात, आणि स्थूलतेबरोबर रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार येतात. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा या छोट्या गावात 1973 पासून मुलांच्या वजनाच्या आणि रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्या तपासल्यावर दिसले की लवकर पाळी आणि प्रौढपणीची स्थूलता यांच्यातला संबंध बहुतांशी पाळीच्या आधीच असलेल्या स्थूलतेने समजावून सांगता येतो. जनुकीय माहितीवर आधारलेल्या अलीकडच्या अभ्यासांचा कलही असाच आहे. ब्रिटिश अभ्यासात सडपातळ स्त्रियांमध्येही संबंध टिकला होता हे खरे, पण तिथे मोजले होते ते पन्नाशीतले वजन. त्या बाया नऊ वर्षांच्या असताना कशा होत्या हे त्या वजनावरून कळत नाही. मला यातून जे पटते ते असे: लवकर आलेली पाळी स्वतः हृदयाचे फारसे काही बिघडवत नसावी, पहिल्या दहा वर्षांत शरीरात काय साठले याची ती शरीराने स्वतःच काढलेली पावती आहे.

आपल्यासाठी ही पावती जास्त गुंतागुंतीची आहे, आणि ते सांगणारा सर्वांत बोलका अभ्यास स्वीडनमधला आहे. 1991 मध्ये तिथल्या डॉक्टरांनी भारतातून दत्तक गेलेल्या 107 मुलींच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुली लहानपणी इथे उपाशी, खुरटलेल्या अवस्थेत राहून मग भरपूर खाणेपिणे असलेल्या घरांत गेल्या. तिथे त्यांचे वजन आणि उंची झपाट्याने भरून निघाली आणि त्यांना पाळी आली ती साधारणपणे 11.6 व्या वर्षी. स्वीडिश मुलींपेक्षा लवकर, आणि भारतातल्या खात्यापित्या घरांतील मुलींपेक्षाही लवकर. ज्या जास्त खुरटलेल्या होत्या आणि नंतर ज्यांनी वेगाने भर काढली, त्यांच्यात पाळी लवकर येण्याची शक्यता अधिक होती. वाढीला पुरेसा अवधी न मिळाल्याने त्यांतल्या कित्येकजणी शेवटी बुटक्याच राहिल्या. हे वाचताना मला फार वाईट वाटले, कारण त्या घरांनी प्रेमाने केले तेच आपणही करतो: अशक्त दिसणाऱ्या लेकराला लवकर बाळसे धरावे म्हणून साय, साखर, तूप, बिस्किटे, आणि आता पाकिटातले चटपटीत खाणे. भूक आणि त्यामागोमाग अचानक आलेली सुबत्ता यांची सांधेजोड शरीराला महागात पडते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यातून याचा दुसरा धागा हाती येतो. आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी हलकी, पण त्या हलक्या शरीरातही स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली, असे त्यांना आढळले. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा 2004 मधला फोटो प्रसिद्ध आहे: दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. मुलगी अंगाने बारीक आहे, तिला कसला आलाय धोका, असे आपण सहज म्हणतो. पण काटा जे दाखवत नाही ते तिचे पोट आणि तिची साखर दाखवू शकते. त्यात किशोरवयाच्या मधल्या टप्प्यात इन्सुलिनचा परिणाम सगळ्याच मुलांमध्ये तात्पुरता मंदावतो. ज्या शरीरात मुळातच चरबीचा वाटा जास्त, तिथे हा टप्पा लवकर आला तर इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडावरचा ताणही लवकर सुरू होतो.

भारतात एकंदरीने पाळीचे वय हळूहळूच खाली येत आहे. 2005 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणातील माहितीवरून ते सरासरी पावणेचौदाच्या आसपास निघाले आणि घट होती दशकाला सुमारे एक महिना. पण सरासरीत फार काही लपते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सुमारे एक पंचमांश स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते आणि त्याहून थोड्या अधिक स्त्रियांचे प्रमाणापेक्षा जास्त. म्हणजे ब्रिटिश आलेखाची दोन्ही टोके आपल्याच राज्यात, कधी कधी एकाच घराच्या दोन पिढ्यांत, शेजारी शेजारी आहेत.

उशिराच्या टोकाबद्दल बोलले कमी जाते. सतराव्या वर्षी किंवा त्यानंतर पाळी येण्यामागे दीर्घ आजार असू शकतो, अंडाशयांचा दोष असू शकतो, इस्ट्रोजेनची कमतरता असू शकते, आणि आपल्याकडच्या एका संपूर्ण पिढीच्या बाबतीत साधी उपासमार असू शकते. माझी मोठी मावशी मराठवाड्यातली. तिला पाळीचे वय विचारले तर ती आकडा सांगत नाही. “दुष्काळ सरला त्यानंतर तिसऱ्या वर्षी,” असे सांगते. दुष्काळ म्हणजे 1972 चा. त्या वर्षी ती आईबरोबर खडी फोडायला जात होती आणि कामावर मिळणारी सुकडी हेच कित्येक दिवस तिचे मुख्य जेवण होते. साठी ओलांडल्यावर तिची अँजिओप्लास्टी झाली. त्याआधी कित्येक महिने तिचा धाप लागण्याचा आणि जबड्यापर्यंत चढणाऱ्या कळेचा त्रास ॲसिडिटी म्हणून औषधांवर काढला गेला होता. एका बाईच्या उदाहरणावरून कारण सिद्ध होत नाही. तिला रक्तदाब होता, चाळीस वर्षे मिश्री होती. तरीही एवढे निश्चित म्हणता येते की तिच्या वयाच्या बाईला “पाळी उशिरा आली होती का, तेव्हा घरी खायला काय होते?” असे विचारले असते, तर पहिल्या चौदा-पंधरा वर्षांचा जो इतिहास एरवी कोणत्याच तपासणीत दिसत नाही, तो दोन मिनिटांत समोर आला असता.

आता त्या गोष्टीकडे येते जी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. पाळी आली की आपण मुलीचे खेळणे बंद करतो. कोणी हुकूम काढत नाही. “आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस” असे आजी म्हणते, डागाच्या भीतीने मुलगी स्वतःच मैदानावर जाईनाशी होते, शाळेतल्या स्वच्छतागृहात पाणी नसते, दप्तर वाढते, क्लास सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी; 2016 च्या जगभरच्या आकडेवारीत अकरा ते सतरा वयाच्या सुमारे 85 टक्के मुली तेवढी हालचाल करत नव्हत्या. ज्या मुलीला तेराव्या वर्षी पाळी येते तिची मोकळ्या धावण्याची वर्षे तेवढी जास्त होतात. जिला दहाव्या वर्षी येते तिची तीन वर्षे आधीच संपवली जातात, आणि नेमकी तीच मुलगी अशी असते की जिच्या शरीराला धावण्याची गरज इतरांपेक्षा अधिक आहे. पाळीची पावती वाचून घराने जे करायला हवे त्याच्या बरोबर उलटे घर करते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला पाळी आली तेव्हा ती पाचवीत होती आणि शाळेच्या खो-खोच्या संघात होती. तिच्या आजींनी, म्हणजे बहिणीच्या सासूबाईंनी, काळजीपोटीच सांगितले की आता खो-खो पुरे. बहिणीने त्यांच्याशी वाद घातला नाही. ती शाळेत गेली, खेळाच्या बाईंशी बोलली, जास्तीचा पॅड आणि गडद रंगाची चड्डी कुठे ठेवायची हे ठरवून आली, आणि घरी सासूबाईंना म्हणाली, “आई, तिला आता खेळण्याची जास्त गरज आहे, असं डॉक्टरही सांगतात.” मुलगी खेळत राहिली. तिची उंची, वजन आणि कमरेचा घेर आता दर सहा महिन्यांनी एका वहीत लिहिला जातो, वर्षातून एकदा मुलांच्या मापाचा पट्टा असलेल्या यंत्रावर रक्तदाब पाहिला जातो, आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर पाळीची तारीख आहे. डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये आपल्या मुलांसाठी जे वाढीचे तक्ते केले, त्यांच्यावर उंची आणि वजनाच्या नोंदी टाकता येतात. तक्ता पाहिला की वजनाची रेघ उंचीच्या रेघेला कुठे मागे टाकू लागली हे आईलाही कळते.

आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसू लागली तर मात्र वाट न पाहता बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे जावे. अशा मुलींसाठी वयात येणे लांबवणारी इंजेक्शने आहेत आणि ती प्रामुख्याने उंची व मुलीची मानसिक तयारी लक्षात घेऊन दिली जातात. करोनाच्या टाळेबंदीत अशा मुलींची संख्या वाढल्याचे इटलीतल्या डॉक्टरांनी नोंदवले, नंतर पुण्यातही तसेच दिसले. घरात बसून राहणे, बिघडलेली झोप आणि वाढलेले वजन यांच्याकडे बोट दाखवले गेले. दहाव्या वर्षी पाळी आलेल्या निरोगी मुलीला हृदयासाठी म्हणून अशी इंजेक्शने कोणी देत नाही. तिला लागते ते ताटात डाळ, अंडे किंवा उसळ, पालेभाजी आणि फळ, रात्रीची पुरी झोप, आणि संध्याकाळी मैदान.

मोठ्या वयाच्या स्त्रियांच्या बाबतीत वैद्यकाची दृष्टी बदलू लागली आहे. 2018 च्या अमेरिकी कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत चाळिशीच्या आत पाळी जाणे, गरोदरपणात रक्तदाब वाढून झालेला प्रीएक्लॅम्प्सिया, आणि दक्षिण आशियाई वंश, या तिन्ही गोष्टी धोका वाढवणाऱ्या म्हणून नोंदल्या आहेत. पाळी सुरू होण्याचे वय त्या यादीत नाही. माझ्या मते ते विचारायला यादीत येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याला पैसे लागत नाहीत, सुई लागत नाही, आणि बाईला ते वय नेमके आठवत नसले तरी सातवीत होते की दहावीत, एवढे आठवतेच. गरोदरपणातली साखर, रक्तदाब, पाळी येण्याचे वय आणि जाण्याचे वय, हे चार प्रश्न एकत्र विचारले की स्त्रीच्या हृदयाचा इतिहास पन्नाशीऐवजी दहाव्या वर्षापासून दिसू लागतो.

ब्रिटिश स्त्रियांचे आकडे जसेच्या तसे आपल्या मुलींना लावता येत नाहीत, कारण तिथल्या तेराव्या वर्षामागे वेगळे बालपण होते. पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलींच्या वाढीच्या नोंदी त्यांच्या जन्माआधीपासून ठेवल्या गेल्या आहेत. त्यांतल्या थोरल्या आता तिशीत आल्या आहेत आणि काहींच्या स्वतःच्या मुली शाळेत जाऊ लागल्या असतील. ब्रिटिश स्त्रिया ज्या वयात मोजल्या गेल्या त्या वयाला या 2045 च्या सुमारास पोहोचतील.